मामाचं नाट्यगीत, फुकटचा फोन आणि सायरनवाले पोलीस

मागच्या रविवारी दुपारी अडीचला, म्हणजे पेठेत कोणी कोणाला फोन करत नाही अशा वेळेला, मामीचा फोन आला. "अरे, ह्यांना अटक होणारे म्हणे. लॅपटॉपवर तसं लिहून आलंय. येतोस का जरा?"

कोथरूडहून गाडी काढली, सदाशिव पेठेत पोचलो तर मामा लॅपटॉपसमोर, हातात डेबिट कार्ड, स्क्रीनभर एकच पान, वर अशोकस्तंभ, खाली कायद्याची कलमं, मध्ये उलटं चालणारं घड्याळ आणि सायरन वाजतोय, इतका मोठ्याने की शेजारच्या काकू गॅलरीत येऊन उभ्या. मजकूर असा की तुम्ही पायरेटेड गाणी डाउनलोड केलीत, सरकारने तुमचा कॉम्प्युटर लॉक केलाय, सहा तासांत तीस हजाराच्या आसपास दंड भरा नाहीतर पोलीस घरी येतील. कार्डाचा नंबर टाकायला खाली रकाने तयार.

मी एस्केपचं बटण थोडा वेळ दाबून धरलं, फुल स्क्रीन गेली, टॅब बंद केला, सायरन थांबला. एवढंच. लॉक-बिक काही नव्हतं, ते एक साधं वेबपेज होतं. ब्राउझरमध्ये कुठलंही पान तुमच्या एका क्लिकनंतर पूर्ण स्क्रीन व्यापू शकतं, आपण सिनेमा मोठा करून बघतो ना तीच सोय, मग वरची पत्त्याची पट्टी दिसेनाशी होते आणि तिथे सरकारी साइटच्या पत्त्याचं नुसतं चित्र काढून ठेवता येतं. बघणाऱ्याला वाटतं आता काही हलतच नाही. (एस्केपने नाही झालं तर ऑल्ट आणि एफ-फोर, नाहीतर टास्क मॅनेजर उघडून ब्राउझरच बंद करायचा, आणि परत चालू केल्यावर "जुने टॅब उघडू का" विचारलं की नको म्हणायचं. नाहीतर साहेब परत हजर.)

"मामा, काय दाबलंस तू?"

"मी काहीच नाही दाबलं."

कॉम्प्युटरच्या बाबतीत जगातला प्रत्येक माणूस पहिल्यांदा हेच सांगतो. दुसऱ्या चहानंतर खरं बाहेर आलं. मित्राच्या पंचाहत्तरीला वाजवायला म्हणून त्याला एक जुनं नाट्यपद हवं होतं, सर्च केलं, "फ्री एमपीथ्री" असं लिहिलेली साइट उघडली, तिथे डाउनलोड लिहिलेली चार-पाच हिरवी बटणं होती, त्यातलं सगळ्यात मोठं दाबलं. मग "तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाउ दाबा" आलं, दाबलं. मग "अभिनंदन! पुण्यातून आज निवडलेले भाग्यवान तुम्हीच", चक्र फिरवा, फिरवलं, भारीतला फोन लागला, नाव पत्ता मोबाइल नंबर भरला, डिलिव्हरीचे फक्त ४९ रुपये मागितले तेव्हा मात्र मामाला शंका आली (पुणेरी माणूस, फुकट म्हणल्यावर ४९ कसले) आणि त्याने खिडकी बंद केली. त्यानंतर पाच मिनिटांनी कोपऱ्यात नोटिफिकेशन आलं, त्यावर क्लिक केलं, आणि पोलीस आले.

मामाला वाटत होतं गाणं, फोन आणि पोलीस ही तीन वेगवेगळी प्रकरणं आहेत, नशीबच खराब म्हणून एका दुपारी आली. तसं नाहीये. ही एकच साखळी आहे आणि ती कशी जोडलेली असते हे एकदा कळलं की बरीच भीती जाते, म्हणून हे सगळं लिहितोय.

फुकट गाणी देणारी साइट गाणं देऊन काय कमावते? गाण्यातून शून्य. तिची कमाई जाहिरातींची. पण मोठी, बऱ्यापैकी अब्रूदार जाहिरात नेटवर्क चोरीच्या गाण्यांच्या साइटवर जाहिरात द्यायला तयार नसतात, त्यांचे तसे नियमच आहेत. मग ह्या साइटला कोण जाहिरात देणार? ज्यांना दुसरीकडे कोणी दारात उभं करत नाही ते. सट्टा, "तुमच्या फोनमध्ये १३ व्हायरस आहेत", फुकट फोन, आणि हे सायरनवाले. ती मोठी हिरवी बटणं त्यांच्याच जाहिराती असतात, खरं डाउनलोडचं बटण (असलंच तर) कोपऱ्यात बारीक अक्षरात. म्हणजे मामाला आमिष दाखवणारा आणि धाक दाखवणारा हे दोघं एकाच दुकानाच्या फळीवर शेजारी शेजारी बसलेले होते, दुकानदाराला दोघांकडून भाडं.

आता "पुण्यातून निवडलेले तुम्ही" हे त्यांना कळलं कसं? मामाला हेच सगळ्यात जास्त लागलं होतं, की "अरे, त्याला माझं गाव माहितीये." सोपं आहे. तुम्ही कुठलंही पान उघडता तेव्हा ते पाठवायला समोरच्याला तुमचा आयपी ॲड्रेस लागतो, पत्र टाकायला घराचा पत्ता लागतो तसा, आणि कुठले आयपी कुठल्या इंटरनेट कंपनीचे आणि साधारण कुठल्या शहरातले ह्याच्या याद्या बाजारात मिळतात. अंदाजच असतो तो, म्हणून कधी कधी पुण्यात बसून "मुंबईचे भाग्यवान विजेते" म्हणून आपलं अभिनंदन होतं, जे पुणेकराला फसवणुकीपेक्षा जास्त झोंबतं. शिवाय ब्राउझर स्वतःहून सांगतो की मी अमुक ब्राउझर, विंडोजवर आहे का ॲंड्रॉइडवर. एवढ्या दोन गोष्टींवर पान असं सजवता येतं की वाटावं आपल्यासाठीच बनवलंय. नाव, बँक, आधार ह्यातलं काहीही त्यांना माहीत नसतं, ते आपणच भरून देतो.

आणि ते "अलाउ". रोबोट नाही हे सिद्ध करायला अलाउ कधीच दाबावं लागत नाही. ती परवानगी असते नोटिफिकेशन पाठवायची, म्हणजे टॅब बंद केला तरी ती साइट तुमच्या स्क्रीनच्या कोपऱ्यात हवं तेव्हा चिठ्ठी टाकू शकते. लोकांना वाटतं व्हायरस आला. व्हायरस नाही, आपणच किल्ली दिलीये. क्रोमच्या सेटिंगमध्ये साइट सेटिंग, त्यात नोटिफिकेशन, तिथे परवानगी दिलेल्या साइटची यादी दिसते, अनोळखी दिसेल ती काढून टाकायची. मामाच्या यादीत अकरा निघाल्या. त्यातली एक पंचांगाची होती, ती ठेवली.

फुकट फोनचं गणित जरा नीट बघण्यासारखं आहे कारण ते कायम निव्वळ थापच असतं असं नाही. २००४ च्या सुमाराला अमेरिकेत फुकट आयपॉड देणारी एक साइट गाजली होती आणि लोकांना खरंच आयपॉड घरपोच मिळाले. अट काय, तर आधी तुम्ही एका जाहिरातदाराची ऑफर घ्यायची, कसली तरी मेंबरशिप वगैरे, आणि मग असंच करणारे पाच मित्र आणायचे. प्रत्येक नव्या गिऱ्हाइकामागे जाहिरातदार साइटला पैसे द्यायचा, सहा जणांचे पैसे जमले की त्यात आयपॉडही निघायचा आणि वर नफाही उरायचा. चोख धंदा. फक्त पाचाचा पाढा जरा मांडून बघा. एकाने पाच आणले, त्या पाचांनी पंचवीस, मग सव्वाशे, सहाशे पंचवीस, असं करत नवव्या फेरीला साडेएकोणीस लाख नवी माणसं लागतात आणि दहाव्या फेरीला साडेसत्त्याण्णव लाखांच्या वर. पुणे शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत साधारण ३१ लाख होती. म्हणजे आज पुण्यात हे सुरू केलं तर दहाव्या फेरीला अख्खं शहर संपून चिंचवड, पार लोणावळ्यापर्यंत माणसं शोधत फिरावं लागेल. वरच्या फळीतल्यांना आयपॉड, खालच्यांना मेंबरशिपची बिलं. आणि २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या ॲटर्नी जनरलने त्याच कंपनीवर केस टाकली, कारण तुमची माहिती कोणाला देणार नाही असं वचन देऊन लाखो लोकांचे ईमेल पत्ते विकले होते. तेव्हा विकायचा माल आयपॉड नव्हताच.

आपल्याकडे २०१६ च्या फेब्रुवारीत २५१ रुपयांत स्मार्टफोन आला होता, फ्रीडम २५१, आठवत असेल. बुकिंग उघडलं त्या दिवशी साइटच कोसळली, आमच्या ऑफिसात तर लोक काम सोडून रिफ्रेश मारत होते, मी पण, आता काय लपवायचं. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत कंपनीच्या मालकाला फसवणुकीच्या तक्रारीवरून अटक झाली. तेव्हा टापकीर गल्लीतला (पुण्यातली इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांची गल्ली) एक दुकानदार म्हणला होता, "साहेब, २५१ ला आम्ही बरी बॅटरी पण देत नाही." त्या दिवशी सगळ्या टीव्ही चॅनेलवर मिळून एवढं शहाणं वाक्य कोणी बोललं नसेल.

आत्ताचे फुकट फोन मात्र आयपॉडवाल्यांच्याही पुढे गेलेत, द्यायचा प्रश्नच नाही. व्हॉट्सॲपवर कुठल्या तरी मोठ्या कंपनीचा वर्धापनदिन येतो, चार प्रश्न, मग चक्र, मग "वीस जणांना किंवा पाच ग्रुपवर पाठवा". त्या चक्रात नशीब नसतंच, दुसऱ्या किंवा तिसऱ्या झटक्याला फोन लागणार हे आधीच लिहून ठेवलेलं असतं. खालच्या कॉमेंट, "मला आजच मिळाला, धन्यवाद", हे सगळं त्याच पानाचा भाग, चित्रासारखं, त्यावर क्लिक केलं तर काही उघडत नाही. कमाईच्या वाटा दोन-तीन. तुमचा भरलेला फॉर्म म्हणजे एक "लीड", नाव, नंबर, शहर, तो विकला जातो आणि मग दिवसभर कर्जवाल्यांचे फोन. दुसरी, ते ४९ रुपये, जे खरं म्हणजे ४९ साठी नसतातच, कार्डाचा नंबर आणि ओटीपी मिळवायला असतात. तिसरी सगळ्यात वाईट, "बक्षीस घ्यायला हे ॲप टाका" म्हणून एक एपीके फाइल येते, हल्ली लग्नपत्रिका म्हणून पण येते, ती टाकली आणि तिला एसएमएस वाचायची परवानगी दिली की तुमचे ओटीपी परस्पर तिकडे.

यूपीआयचं एक वाक्य आईला, सासूबाईंना, वॉचमनकाकांना, सगळ्यांना पाठ करून घ्यायला लावा: पैसे घ्यायला पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे गेले.

पत्ता कसा वाचायचा ते पण सांगून टाकतो, कारण लोक सुरुवातीचं नाव बघून फसतात. वेबसाइटचा पत्ता उलटा वाचायचा. सुरुवातीच्या https:// मधल्या दोन सोडून पहिली तिरकी रेघ येते तिच्या लगेच आधीचे दोन शब्द हे खरे मालक (भारतातल्या डॉट को डॉट इन, डॉट गव्ह डॉट इन अशा पत्त्यांत तीन), त्याच्या आधी काहीही लिहिता येतं. म्हणजे "मोठीबँक डॉट कॉम डॉट बक्षीस डॉट टॉप" असं असेल तर मालक बक्षीस डॉट टॉप, बँकेचा काही संबंध नाही, चितळ्यांचं नाव पाटीवर पुढे लिहून मागे दुसराच कोणी बाकरवड्या विकतोय. आणि ते कुलूप. कुलपाचा अर्थ तुमचं आणि त्या साइटचं बोलणं मधला कोणी ऐकत नाही एवढाच, पलीकडचा माणूस सज्जन आहे असा नाही. चोराशी पण खाजगीत बोलता येतं. हा गैरसमज इतका पसरला होता की क्रोमने २०२३ मध्ये ते कुलपाचं चित्रच काढून टाकलं.

आता मामाचा खरा प्रश्न. "ते पान खोटं होतं हे कळलं, पण चोरीचं गाणं उतरवलं तर खरंच अटक होते का?"

इथे थोडं सावकाश जावं लागेल. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यातलं कलम ६३ सांगतं, जाणूनबुजून कॉपीराइटचा भंग केला तर सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने हा गुन्हा दखलपात्र (म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) आणि अजामीनपात्र आहे असंही सांगितलं, त्यामुळे हे कागदावरचं कलम नाहीये. पण गंमत २०१६ ची. तेव्हा ब्लॉक केलेली साइट उघडली की एक लांबलचक सूचना यायला लागली, की हे बघणं, डाउनलोड करणं, दाखवणं, कॉपी करणं ह्याला तीन वर्षं कैद आणि तीन लाखांपर्यंत दंड. पेपरात बातम्या, घराघरात घबराट, माझ्या एका मित्राने तर हार्ड डिस्क कपाटात कुलूप लावून ठेवली. मग मुंबई हायकोर्टात एका सिनेमाच्या प्रकरणात न्यायमूर्ती गौतम पटेलांनी स्पष्ट केलं की नुसतं बघणं हा गुन्हा नाही, परवानगीशिवाय ते वाटणं, जाहीर दाखवणं, विकणं किंवा भाड्याने देणं हा गुन्हा, आणि सूचनेतला तो "बघणं" वाला भाग काढायला लावला. म्हणजे सरकारी वाटणारी खरी सूचना पण जरा जास्तच बोलून गेली होती.

ह्याचा अर्थ डाउनलोड करणं ठीक आहे असा घेऊ नका. कॉपी काढायचा हक्क मालकाचाच आहे, तो दिवाणी दावा लावूच शकतो. आणि टॉरेंट वापरत असाल तर तुम्ही नुसते घेणारे नसताच. टॉरेंटमध्ये एक फाइल एका ठिकाणाहून येत नाही, तुकड्या-तुकड्यांनी शेकडो लोकांकडून येते, आणि तुमच्याकडे आलेला तुकडा त्याच क्षणी तुमच्याकडून पुढच्याला जात असतो. म्हणजे तुम्ही वाटणारे झालात, ते पण आयपी ॲड्रेस सगळ्या घोळक्याला दिसत असताना. पुण्यातली पोरं मॅक्सम्युलर भवनात जर्मन शिकून जर्मनीला एमएसला जातात, पहिल्या महिन्यात सवयीने टॉरेंट लावतात आणि मग वकिलाचं जाड पाकीट येतं, शेकडो युरोंची मागणी. तिथे हक्कमालकाचे वकील त्या घोळक्यात आयपी टिपत बसलेले असतात, कोर्टातून इंटरनेट कंपनीकडे नाव मागतात आणि पत्र टाकतात. म्हणजे खरी वॉर्निंग कशी असते बघा, कागदावर, नाव-पत्त्यासकट, कुठली फाइल, किती तारखेला किती वाजता ते लिहून, उत्तर द्यायला मुदत देऊन. सायरन नसतो. (सॉफ्टवेअरचं मात्र वेगळं. पायरेटेड प्रोग्रॅम माहीत असून वापरणं ह्यालाच कलम ६३-ब आहे, कमीत कमी सात दिवस कैद. मामाच्या लॅपटॉपवरच्या विंडोजबद्दल मी त्या दिवशी काही विचारलं नाही.)

आपल्यापैकी बहुतेकांना भेटणारी वॉर्निंग ह्या दोन्हीपेक्षा वेगळी असते. आमच्या सोसायटीने विसर्जनाचा व्हिडिओ यूट्यूबवर टाकला, सगळं छान, आणि आवाजच गायब. सेक्रेटरी भडकले, "आरती रामदास स्वामींनी लिहिलीये, कॉपीराइट कुणाचा?" बरोबर आहे, शब्द सतराव्या शतकातले, कोणाचेच नाहीत. पण मागे स्पीकरवर कोणाचं तरी रेकॉर्डिंग वाजत होतं आणि रेकॉर्डिंगचा हक्क कंपनीचा, वेगळा. गाण्यावर असे थर असतात: शब्द, चाल, रेकॉर्डिंग. तिन्हीचे मालक वेगळे असू शकतात. गंमत म्हणजे धार्मिक कार्यक्रमात किंवा लग्नाच्या वरातीत गाणं वाजवायला कलम ५२ मध्येच सूट आहे. वाजवलं तोपर्यंत ठीक, तेच शूट करून जगाला दाखवलं की ती सूट पुरत नाही.

आणि हे पकडतो कोण, तर माणूस नाही. यूट्यूबवर २००७ पासून कंटेंट आयडी नावाची सिस्टीम आहे. कंपन्या आपली गाणी तिला देतात, ती प्रत्येक गाण्याचा एक प्रकारचा ठसा काढून ठेवते, बोटाच्या ठशासारखा, आणि नवीन व्हिडिओ आला की ठसे ताडून बघते. ढोल वाजत असले, आवाज फाटका असला तरी बरेचदा ओळखते. जुळला की येतो तो "क्लेम", म्हणजे बहुतेक वेळा व्हिडिओ राहतो, जाहिरातीचे पैसे गाण्याच्या मालकाला, कधी आवाज बंद, कधी काही देशांत दिसत नाही. ह्याने चॅनेल जात नाही. "स्ट्राइक" वेगळा, तो मालकाने रीतसर तक्रार केल्यावर येतो आणि ९० दिवसांत तीन झाले तर चॅनेल बंद होऊ शकतं. सेक्रेटरींना क्लेम आला होता, ते वकील शोधत होते.

मामाने कार्डाचा नंबर टाकला नव्हता म्हणून वाचला. टाकला असता तर पहिला फोन बँकेला, कार्ड बंद, आणि लगेच १९३० ला, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन आहे, पैसे पुढच्या खात्यातून काढले जायच्या आत अडवता आले तर येतात, त्यामुळे इथे लाज वाटून संध्याकाळपर्यंत थांबणारा माणूस सगळ्यात जास्त गमावतो. पत्ता आणि मोबाइल नंबर मात्र गेलाच होता. त्या आठवड्यात मामाला कर्जाचे नऊ फोन आले, एकाशी तो अर्धा तास व्याजदरावर भांडला.

गाण्याचं राहिलंच. निघताना मामाने माळ्यावरून एक पिशवी काढली, त्यात त्याच पदाची छोटी तबकडी, लेबलवर बारीक अक्षरात १९६२. मी तिथेच बोटं मोडून हिशोब केला. रेकॉर्डिंगचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षाच्या सुरुवातीपासून ६० वर्षं, म्हणजे २०२२ संपलं तेव्हा संपला. गाणाऱ्याचा कलाकार म्हणून हक्क ५० वर्षांचा, तो त्याआधीच. पद अण्णासाहेब किर्लोस्करांचं, ते गेले १८८५ ला, शब्द आणि चाल मृत्यूनंतर ६० वर्षांनी मोकळे होतात, म्हणजे त्यालाही जमाना झाला.

"म्हणजे मी चोरी केलीच नव्हती?"

"नाही. हेच रेकॉर्डिंग असेल तर ते आता कोणाचंच नाहीये."

मामा दोन मिनिटं गप्प बसला आणि मग सायरनवाल्यांना अस्सल पेठी शब्दांत जे बोलला ते इथे लिहिता येणार नाही. प्लेयरचा बेल्ट तेवढा तुटलाय. मंगळवारी टापकीर गल्लीत जाऊन बघतो, आणि मिळाला तर पंचाहत्तरीच्या आत फोनवर उतरवून देतो.